ऐकू येतंय मला

माझं लग्न झालं तेव्हा ह्यांना अगदी व्यवस्थित ऐकू येत होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे आमच्या बिल्डिंगमधल्या काही बायकांचा असा समज झाला होता की माझ्या माहेरच्यांनी नीट चौकशी न करताच मला देऊन टाकलं. तसं काही नव्हतं. बघायला आले होते तेव्हा आतल्या खोलीत मी आईला हळूच म्हणाले होते, "उंची जरा कमीच वाटते." तेही ह्यांनी बाहेर खुर्चीवर बसून ऐकलं होतं आणि पुढे कितीतरी वर्षं मला ऐकवलं होतं.

ह्यांचे कान गेले ते ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. तिथे ट्रक-ट्रॅक्टरचे भाग बनायचे. भट्टीत लालभडक तापलेला पोलादाचा तुकडा एकजण लांब सांडशीत धरून साच्यावर ठेवायचा आणि वरून हॅमर पडायचा. हॅमर म्हणजे आपला हातोडा नव्हे, चांगलं मजलाभर उंचीचं धूड. ते पायाने दाबून चालवायचं काम ह्यांचं. एका दसऱ्याला बायकामुलांना कारखाना दाखवायला नेलं होतं. आमच्यासाठी म्हणून एकच घाव घातला, तर चपलेतून माझ्या पोटापर्यंत हादरा आला आणि कडेवरची मुलगी जी रडायला लागली ती गेटबाहेर येईपर्यंत थांबली नाही. हे मात्र हॅमरशेजारी उभे राहून हसत होते. असे घाव दिवसभर, वर्षानुवर्षं.

आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरला राहायचो. तळमजल्यावर रूम-किचन. मी कल्याणला मराठी शाळेत शिक्षिका. शाळेत दिवसभर साठ पोरांवर ओरडून यायचं आणि घरी येऊन एका माणसावर ओरडायचं, असं माझं आयुष्य होणार आहे हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी दुसरी नोकरी शोधली असती.

कंपनीने कानात घालायला रबरी बुचं दिली होती. दोन बुचं आणि त्यांना जोडणारी निळी दोरी. ती बुचं मी पहिल्यांदा पाहिली ती कारखान्यात नाही, आमच्या स्वयंपाकघरात. रॉकेलच्या कॅनचं झाकण हरवलं होतं, तिथे ह्यांनी एक बसवलं होतं.

"अहो, हे कानात घालायला दिलंय ना?"

"ते घातलं की हॅमर ऐकू येत नाही."

"ऐकू येऊ नये म्हणूनच दिलंय."

"अगं, तुला त्यातलं कळत नाही. घाव कसा बसला ते आवाजावरून कळतं. तुकडा थंड पडला तर आवाज वेगळा येतो. आवाजच नाही आला तर साचा फुटेल, मग कोण भरणार?"

ज्या माणसाला आपल्या कामातलं इतकं कळतं त्याला मी, बाराखडी शिकवणारी, काय सांगणार? पुढे खूप वर्षांनी कळलं की शेजारच्या हॅमरवरचा माणूस पहिल्या दिवसापासून बुचं घालत होता आणि त्याचा एकही साचा त्यापायी फुटला नव्हता.

आधी रेडिओचा आवाज वाढला. मग टीव्ही आला, त्याचा वाढला. मग बोलण्याचा वाढला. मी म्हणायची, "अहो, हळू बोला," की हे म्हणायचे, "तूच पुटपुटतेस. मास्तरीण असून तोंडातल्या तोंडात बोलतेस." हे मला! माझा आवाज शाळेच्या मैदानाच्या पलीकडे जायचा.

एकदा मी दूध आणायला गेले. जाताना सांगून गेले की कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. येऊन बघते तर जिन्यापर्यंत डाळ करपल्याचा वास, शेजारच्या काकू आमच्या दारात उभ्या राहून दार ठोठावतायत, आणि हे कुकरपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले.

"शिट्टी झालीच नाही," हे म्हणाले.

"मी नऊ मोजल्या," काकू म्हणाल्या.

हे काकूंकडे बघून हसले आणि म्हणाले, "हो, हो. बसा ना, चहा घेऊन जा."

ते "हो, हो" माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महाग वाक्य. न ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला ह्यांचं हे एकच उत्तर. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, तो हसत असेल तर हसायचं, गंभीर असेल तर मान हलवायची, आणि म्हणायचं, "हो, हो." एकदा रविवारी विहारात मीटिंग होती. घरी आले ते खुशीत. दोन दिवसांनी कमिटीतले एकजण आमच्याकडे आले आणि म्हणाले, "जयभीम ताई. साहेबांनी जयंतीला भाषण करायचं कबूल केलंय, विषय काय छापू?" ज्या माणसाने जन्मात चार लोकांसमोर तोंड उघडलं नाही त्याने अर्ध्या तासाचं भाषण कबूल केलं होतं. आता नाही म्हणायचं तर कारण सांगायला लागणार, आणि कारण हे सांगू देईनात. शेवटी भाषण मी लिहिलं, तेरा पानं. ह्यांनी ते पाठ करून माइकवर असं ठणकावून म्हटलं की लहान मुलं आयांच्या पदरात शिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. लिहायला मीच.

कंपनीने एकदा कानांची तपासणी ठेवली. आवारात एक गाडी आली होती, आत काचेची छोटी खोली. कानाला हेडफोन लावायचा आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. त्या संध्याकाळी हे आले ते खिशात चिवड्याची पुडी घेऊन.

"पास झालो!"

मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, चला, कान चांगले असतील तर निदान लक्ष नसतं एवढंच म्हणायचं.

"आत काचेत त्या तपासणाऱ्याचा हात दिसत होता," हे चिवडा खात म्हणाले. "तो बटण फिरवायचा आणि जरा मान खाली घालायचा. मान खाली गेली की मी दाबायचो. एकदाही चुकलो नाही."

"अहो, पण ही काय परीक्षा आहे का? तुमच्याच कानांची तपासणी ना?"

"जे नापास झाले त्यांना पॅकिंगला टाकलं. हॅमरचा अलाउन्स गेला, ओव्हरटाइम गेला. तुला तेच पाहिजे होतं का?"

घराचे हप्ते होते, मुलीची शाळा होती, सासूबाईंना दरमहा गावी पैसे जायचे. मला तेच पाहिजे होतं असं मी म्हणू शकले नाही. तेव्हा मी कचरले, आणि त्याचा राग मला अजून ह्यांच्यापेक्षा माझाच येतो.

ह्यांच्याच हॅमरवर सांडशी धरणारे एक गृहस्थ होते. दिव्याकडचे, खाडीकाठच्या गावातले आगरी. दोघं सोळा-सतरा वर्षं एकाच हॅमरवर. मी त्यांना भाऊजी म्हणायची. आमच्याकडे आले की कधी सुकट, कधी वालाच्या शेंगा, काहीतरी घेऊनच यायचे. कारखान्यात त्यांना बोलायची गरज पडायची नाही. भाऊजींनी खांदा हलवला की ह्यांना कळायचं. मला वाटतं ह्यांचं बहिरेपण इतकी वर्षं झाकलं गेलं ते त्यांच्यामुळे.

नव्वदनंतर वागळे इस्टेटमधल्या एकेका कारखान्याची पाटी उतरायला लागली होती. ह्यांच्याकडेही कुजबुज होती, पण कुजबुज ह्यांच्यापर्यंत पोचणार कशी? हे रोज ठरल्या वेळेला जायचे, ठरल्या वेळेला यायचे. विचारलं तर, "आमच्याकडे काही नाही."

एका शुक्रवारी, म्हणजे कारखान्याच्या सुटीच्या दिवशी, मी शाळेतून आले तर भाऊजी बसलेले. अंगठ्याला पट्टी. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स.

"काय वहिनी, तुमी दोगांनी हिंमत केली बाबा," भाऊजी म्हणाले. "आमची नाय झाली."

"कसली हिंमत?"

भाऊजींनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी भिंतीकडे बघितलं.

"कसली हिंमत, भाऊजी?"

"व्हीआरएसची. सही केली ना दादांनी. सोमवारी. मी म्हनलं, घरी विचारूनच केली असंल."

व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा! हे एकोणपन्नास वर्षांचे होते. नोकरीची नऊ वर्षं बाकी होती. मुलगी अकरावीत होती.

भाऊजींना चहाही धड न देता मी वाटेला लावलं. आणि मग भांडण झालं. बहिऱ्या माणसाशी भांडायचं म्हणजे काय असतं हे ज्याने केलं नाही त्याला कळणार नाही. कुजबुजत भांडता येत नाही. दारं-खिडक्या लावून घेतल्या, भर उकाड्यात पंखाही बंद केला, तरी वरच्या मजल्यापर्यंत शब्द न् शब्द जात होता. शेवटी मी पोरांच्या जुन्या उत्तरपत्रिका घेतल्या आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहून भांडायला लागले. मी लिहायची, ते वाचायचे आणि मोठ्याने उत्तर द्यायचे. म्हणजे बिल्डिंगला फक्त त्यांचीच बाजू ऐकू जात होती.

झालं होतं असं. सोमवारी कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं. ऑफिसर लोक माइकवर बोलले. वर पंखे, मागे भांडी घासण्याचा आवाज. ह्यांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. युनियनचा नवा करार व्हायचा होता, त्याचीच ही मीटिंग असं ह्यांना वाटलं. टेबलावर कागद ठेवले होते. चार-पाचजण उठून सह्या करायला गेले, तसे हेही गेले. ऑफिसरने काहीतरी विचारलं. हे म्हणाले, "हो, हो."

कागद इंग्रजीत होता. मी लिहिलं, वाचला का नाहीत? हे म्हणाले, "मागे लोक उभे होते." मी लिहिलं, शेजारच्याला का विचारलं नाहीत? ह्यावर ह्यांनी कागद उलटून पोरांची उत्तरं वाचायला घेतली. विचारलं असतं तर ऐकू आलं नाही हे कळलं असतं ना त्याला! नऊ वर्षांचा पगार गेला तरी चालेल, पण शेजारच्याला कळता कामा नये.

सही मागे घ्यायला थोडे दिवस मुदत होती, हे भाऊजींनी जाता जाता सांगितलं होतं. शनिवारी मी अर्धी रजा टाकली आणि ह्यांना घेऊन ठाण्याला गेले. ऑफिसमध्ये एक तरुण अधिकारी होता. फार सभ्य मुलगा. आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मी म्हटलं, ह्यांनी गैरसमजातून सही केली आहे.

"काही हरकत नाही," तो म्हणाला. "काका, तुम्ही तसं लिहून द्या. अटी समजल्या नव्हत्या म्हणून." मग त्याने ह्यांच्याकडे वळून त्याच मऊ आवाजात विचारलं, "काका, तुम्हाला त्या दिवशी सगळं समजलं होतं का?"

"हो, हो," हे म्हणाले. "सगळं समजलं."

मला त्या क्षणी तिथून उठून सरळ माहेरी जावंसं वाटलं. माझ्या आईला जाऊन आठ वर्षं झाली होती, तरीसुद्धा.

"साहेब," मी म्हटलं, "ह्यांना ऐकू येत नाही."

इतक्या वर्षांत मी हे वाक्य घराबाहेर कधी उच्चारलं नव्हतं. आणि नेमकं तेवढंच ह्यांना कसं कोण जाणे कळलं. ऐकलं नसेल, माझ्या ओठांवर वाचलं असेल. कान लाल झाले. मान खाली गेली.

त्या मुलाने कपाटातून फाइल काढली, पानं उलटली आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं. "पण बाई, तपासणीत तर ह्यांचे कान उत्तम आहेत. सगळ्या शॉपमध्ये, म्हणजे ह्यांच्या अख्ख्या विभागात, ह्यांचा रिपोर्ट सगळ्यात चांगला आहे."

काचेत हात दिसत होता, असं सांगू?

तो म्हणाला, पुन्हा तपासणी करू, पण कान खराब निघाले तर हॅमरवर ठेवता येणार नाही, दुसरीकडे कुठेतरी बघावं लागेल. तो हे सांगत असतानाच हे उठले, त्या मुलाला नमस्कार केला आणि बाहेर चालायला लागले. मी पर्स सावरत मागे. गेटपर्यंत हाका मारल्या. हाका मारून काय उपयोग, हे इतक्या वर्षांनंतरही माझ्या लक्षात राहत नव्हतं.

बसने स्टेशनकडे आलो. मला घरी जायचं नव्हतं. तलावपाळीला कठड्यावर जाऊन बसले, हे शेजारी येऊन बसले. मग ह्यांनी माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली. त्यांना ते हळू बोलायचं होतं. पण आपला आवाज केवढा येतो हेही त्यांना कळेनासं झालं होतं. पलीकडे एक कॉलेजातली जोडी बसली होती, ती उठून लांब गेली.

"दोन महिन्यांपूर्वी सांडशी निसटली. तो ओरडला, थांब म्हणून. सगळ्या शॉपने ऐकलं. मी पाय दाबला."

मला आधी कळेचना.

"त्याने हात काढला म्हणून वाचला. सांडशी चपटी झाली. अंगठ्याचं नख गेलं."

ती पट्टी. भाऊजींनी मला सांगितलं होतं, दरवाजात बोट सापडलं.

"ऑफिसात तो म्हणाला, माझीच चूक, सांडशी नीट धरली नव्हती. मला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन माझ्यासमोर सांडशी धरून उभा राहिला." हे थांबले. "मला रोज पाय दाबताना भीती वाटते. सही चुकून झाली. पण आता ती परत घ्यायला सांगू नकोस."

नऊ वर्षांच्या पगारावर बोलायची माझी तयारी होती. आकडे मांडून ठेवले होते. ते पर्समध्येच राहिले. पण राग गेला असं कुणी समजू नका. उलट वाढला. हे सगळं पोटात ठेवून दोन महिने हा माणूस माझ्यासमोर बसून भाकरी खात होता, आणि मी त्याला विचारत होते की भाजीत मीठ बरोबर आहे का, आणि तो म्हणत होता, हो, हो.

"ठीक आहे," मी ओरडून म्हटलं. पाण्यातल्या होडीतली माणसंसुद्धा बघायला लागली. "सही राहू दे. पण नोकरी सुटायच्या आधी कान तपासायचे. खरे तपासायचे."

आमच्या शाळेतल्या एका बाईंचे दीर कामगार विम्याच्या कामात होते. कामाच्या आवाजाने कान गेले तर विम्यातून दरमहा काही रक्कम मिळते, आणि नोकरीत असतानाच तपासून घेतलेलं बरं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. हे तयार होईनात. "कागदावर बहिरा म्हणून लिहून घेऊ?" मी म्हटलं, "कान काही कागदाने गेलेले नाहीत." आठ दिवस अबोला. बहिऱ्या माणसाशी अबोला धरण्यात काही अर्थ नसतो, त्याला आधी पत्ताच लागत नाही. शेवटी मुलीने मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या डब्यात चिठ्ठी ठेवली: बाबा, तपासून घ्या. ती चिठ्ठी घेऊन संध्याकाळी आले आणि म्हणाले, "कधी जायचंय?"

कामगार विम्याच्या हॉस्पिटलात तशीच काचेची खोली होती. मी बाहेर उभी होते. आतली बाई बटणं फिरवत होती. हे तिच्याकडे पाठ करून बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून खुर्ची फिरवून घेतली होती. हातात ते बटण. बाई फिरवत होती, कागदावर लिहीत होती, पुन्हा फिरवत होती, आणि ह्यांचा अंगठा हलत नव्हता. किती वेळ ते तसे बसून होते. नंतर एकदाचा अंगठा दाबला गेला तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या मलासुद्धा हेडफोनमधली ती शिट्टी बारीकशी ऐकू आल्यासारखी वाटली.

डॉक्टरांनी कागद बघितला. म्हणाले, आता परत येणार नाही, आहे तेवढं सांभाळा, यंत्र लावा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्हाला घाम का आलाय? बसा इथे." आणि माझ्या दंडाला पट्टा बांधला. माझं ब्लडप्रेशर इतकं वाढलेलं होतं की त्यांनी दोनदा मोजलं. कधीपासून आहे, विचारलं. मला काय माहीत? शाळेत दरवर्षी मुलांचे डोळे-दात तपासायला डॉक्टर यायचे तेव्हा मी रांगा लावायची, "हलू नका रे" म्हणून ओरडायची. मी स्वतः कधी त्या खुर्चीत बसले नव्हते. बसले असते तर कुणीतरी सांगितलं असतं की गोळ्या घ्या, आणि माझ्याकडे त्याला वेळ नव्हता.

त्या दिवसापासून ह्यांच्या हातात कोलीत मिळालं. नोकरी सुटल्यावर दिवसभर घरी. सकाळी मी शाळेला निघाले की पाण्याचा ग्लास आणि गोळी घेऊन दारात उभे. तोंड उघडून दाखवेपर्यंत सोडायचे नाहीत. जिन्यातून येणारी-जाणारी माणसं बघायची. आणि कानातलं यंत्र? ती एक खिशात ठेवायची डबी होती, तिला वायर. मी बोलायला लागले की हे डबीचं बटण बंद करायचे. "बॅटरी वाचवतोय," म्हणायचे. माझी गोळी म्हणजे तब्येतीचा प्रश्न आणि ह्यांचं यंत्र म्हणजे बॅटरीचा.

एकरकमी पैसे आले तसे पाहुणे यायला लागले. कधी नव्हे ते चुलत चुलते आले. पाच वर्षांत दुप्पट, चार वर्षांत दुप्पट. एक गृहस्थ सागाची झाडं विकत होते. झाडं दूर कुठेतरी लावलेली, आपण नुसते पैसे भरायचे, वीस वर्षांनी लखपती. त्यांनी दोन तास समजावलं. यंत्र बंद होतं. हे म्हणाले, "हो, हो." दुसऱ्या दिवशी ते फॉर्म घेऊन हजर. मी दारातच सांगितलं, "हे हो म्हणाले म्हणजे त्यांना ऐकू आलं नाही असं समजा." पैसे पोस्टात ठेवले, दरमहा व्याज येईल असे, आणि थोडे मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत. विम्याची रक्कम सुरू व्हायला दीड वर्ष गेलं. किती फेऱ्या मारल्या ते विचारू नका. फार नव्हती, पण दर महिन्याला न चुकता यायची. तिच्यात आमचा किराणा आणि माझ्या गोळ्या भागायच्या.

तिसऱ्या वर्षी कारखाना बंद झाला. एका सकाळी गेटला कुलूप. ज्यांनी तेव्हा सही केली नव्हती त्यांची देणी अडकली. कोर्टात केस गेली आणि तारखा पडायला लागल्या. भाऊजी त्यांच्यातलेच.

आणि इथे ह्यांनी माझ्या सहनशक्तीचा अंत पाहिला. बिल्डिंगमध्ये, विहारात, लग्नाकार्यात, जो भेटेल त्याला सांगायला लागले, "मला तेव्हाच दिसत होतं. मी विचार करूनच सही केली." लोक माना हलवायचे. "साहेबांची नजर फार लांबची." मी शेजारी उभी. माझ्या जिभेवर सगळं यायचं. पण चारचौघांत काय बोलणार?

एका रविवारी भाऊजींकडे गेलो. घरापुढे जाळं सुकत घातलेलं, ते त्यांच्या भावाचं. भाऊजी आता एका गोडाऊनवर वॉचमन होते. वजन उतरलं होतं. त्यांच्या बायकोने आम्हाला चहा दिला आणि नवऱ्याकडे हात करून म्हणाली, "ह्यांना मी तवाच बोलली होती, दादांना विचार, ते शहाने हायेत, बघ त्यांनी सही केलीन. पर ह्यांना अक्कल नाय." भाऊजी खाली बघून बशीतला चहा फुंकत होते.

मी ह्यांच्याकडे बघितलं. यंत्र चालू होतं. आता सुरू होणार, मला तेव्हाच दिसत होतं वगैरे.

हे म्हणाले, "वहिनी, मला ऐकू आलं नव्हतं."

"काय?"

"मीटिंगमध्ये काय बोलले ते मला ऐकू आलंच नाही. मी पगारवाढीचा कागद समजून सही केली. ह्याला अक्कल आहे. ह्याने ऐकलं, समजून घेतलं, विचार केला, आणि नको म्हटलं. तेव्हा कुणीही तेच केलं असतं." मग भाऊजींच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "मला खूप वर्षं ऐकू येत नव्हतं. ह्याला माहीत होतं."

भाऊजींची बायको बघतच राहिली. भाऊजींनी बशी खाली ठेवली आणि मोठ्याने, दोन्ही हात तोंडाशी धरून म्हणाले, "सगल्या शॉपला म्हाईत होतं रे!"

आणि दोघं हसायला लागले. इतके हसले की भाऊजींना ठसका लागला. मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं मी जे झाकत होते, ज्यासाठी तेरा-तेरा पानी भाषणं लिहिली, काकूंना खोटं सांगितलं, ते सगळ्या कारखान्याला माहीत होतं!

निघताना भाऊजींच्या बायकोने सुके बोंबील बांधून दिले. मला त्या दिवशी ह्यांचा अभिमान वाटला होता आणि तो कसा सांगावा हे मी वाटेत मनात जुळवत होते, कारण तो ओरडूनच सांगावा लागणार होता.

तेवढ्यात हे म्हणाले, "ऐक. बिल्डिंगमध्ये ह्यातलं काही बोलू नकोस हं."